बटाटा मूळ की खोड? एनएमएमएस परीक्षेत जीवशास्त्राचे गुण नेमके कुठे जातात आणि ते कसे वाचवायचे

उपवासाच्या ताटात बटाटा आणि रताळं शेजारीशेजारी असतात. दोन्ही जमिनीखाली वाढतात, दोन्ही उकडून खाल्ली जातात. पण ‘खालीलपैकी कोणते खोडाचे रूपांतर आहे?’ असा प्रश्न आला आणि पर्यायांत गाजर, रताळे, बटाटा, मुळा अशी चार नावं दिसली की आठवीतली हुशार मुलंसुद्धा अडखळतात. चारही जमिनीखाली वाढतात, मग यातलं खोड कुठलं?

उत्तर आहे बटाटा. हे पाठ करायला दहा सेकंद पुरतात. पण पुढच्या वेळी तोच प्रश्न आलं, हळद किंवा कांदा घेऊन आला, तर त्या पाठांतराचा काहीच उपयोग होत नाही.

हा प्रश्न एका गुणाचा. पण महाराष्ट्रात आठवीच्या मुलांसाठी दरवर्षी एक परीक्षा होते, जिथे असा एकेक गुण जमवत गेलं तर घरात चार वर्षांत ४८ हजार रुपये येऊ शकतात. तिचं नाव एनएमएमएस.

४८ हजारांचं गणित

शाळेच्या नोटीस बोर्डावर हिचं नाव भलंमोठं असतं: राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटकातील विद्यार्थ्यांसाठी शिष्यवृत्ती योजना परीक्षा. योजना केंद्र सरकारची, २००८ पासूनची. महाराष्ट्रात परीक्षा घेते पुण्याची महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद. आठवीत परीक्षा द्यायची, निवड झाली तर नववी ते बारावी अशी चार वर्षं महिन्याला १ हजार, म्हणजे वर्षाला १२ हजार रुपये थेट विद्यार्थ्याच्या बँक खात्यात जमा होतात. (आधी ही रक्कम महिन्याला ५०० रुपये होती.)

देशभरात अशा १ लाख शिष्यवृत्त्या आहेत आणि त्यातल्या ११,६८२ महाराष्ट्राच्या वाट्याला येतात. त्याही पुढे जिल्ह्याजिल्ह्यांत वाटल्या जातात. म्हणजे स्पर्धा असते ती आपल्याच जिल्ह्यातल्या मुलांशी.

परीक्षेला कोण बसू शकतं? शासकीय, जिल्हा परिषद, नगरपालिका, महापालिका किंवा अनुदानित खासगी शाळेत आठवीत शिकणारी मुलं. सातवीत किमान ५५ टक्के गुण हवेत, अनुसूचित जाती-जमातीच्या मुलांना ५० टक्के. आई-वडिलांचं मिळून वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत हवं. विनाअनुदानित शाळा, केंद्रीय विद्यालय, नवोदय, सैनिक शाळा इथली मुलं यात येत नाहीत. अर्ज शाळेमार्फत ऑनलाइन भरला जातो, त्यामुळे शाळेने मनावर घेतलं नाही तर मूल कितीही हुशार असो, गाडी तिथेच अडते. पालकांनी मुख्याध्यापकांना आठवीच्या सुरुवातीलाच विचारून ठेवलेलं बरं.

पेपर दोन असतात. एक बौद्धिक क्षमता चाचणी, दुसरी शालेय क्षमता चाचणी. प्रत्येकी ९० प्रश्न आणि ९० मिनिटं, म्हणजे एका प्रश्नाला एक मिनिट. पात्र ठरायला दोन्ही पेपर मिळून किमान ४० टक्के गुण लागतात, अनुसूचित जाती-जमातीच्या मुलांना ३२ टक्के. पण पात्र ठरणं आणि शिष्यवृत्ती मिळणं यात फरक आहे. शिष्यवृत्ती गुणवत्ता यादीवर मिळते.

शालेय क्षमता चाचणीत गणिताचे २०, समाजशास्त्राचे ३५ आणि सामान्य विज्ञानाचे ३५ प्रश्न असतात. विज्ञानात भौतिक, रसायन आणि जीव अशी तीन अंगं, त्यात साधारण एक तृतीयांश वाटा जीवशास्त्राचा. गणिताला मुलं घाबरतात म्हणून त्याचा सराव करतात. भौतिकशास्त्रात सूत्रं असतात म्हणून तेही सोडवून बघतात. जीवशास्त्र मात्र ‘वाचलं की येतं’ या खात्यात जातं, आणि गुण तिथेच जातात.

वाचलं की येतं, असं वाटतं

या भावनेला खरं तर शास्त्रीय कारण आहे. २००६ मध्ये अमेरिकेतल्या वॉशिंग्टन विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिके यांनी विद्यार्थ्यांवर एक प्रयोग केला. एका गटाने उतारा पुन्हा पुन्हा वाचला. दुसऱ्या गटाने एकदा वाचून तो न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा पुन्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. पण दोन दिवसांनी आणि आठवड्याने चाचणी घेतली तेव्हा चित्र उलटं झालं, आठवून लिहिणाऱ्यांच्या लक्षात जास्त राहिलं होतं.

धडा तिसऱ्यांदा वाचताना ‘हे मला येतंय’ असं वाटतं, कारण ओळी ओळखीच्या झालेल्या असतात. ओळखीचं वाटणं आणि येणं यातला फरक कळायला पुस्तक मिटावं लागतं.

त्यात भर पडली आहे वन लायनरची. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या पीडीएफ, तीस सेकंदांचे रील, ‘विज्ञानाचे ५०० महत्त्वाचे प्रश्न’. त्यात एक ओळ हमखास असते: तंतुकणिका म्हणजे पेशीचं ऊर्जाघर. ओळ बरोबरच आहे. पण प्रश्न असा आला की ‘खालीलपैकी कोणत्या पेशींत तंतुकणिकांची संख्या सर्वांत जास्त असेल?’ आणि पर्याय असले त्वचेच्या वरच्या थरातील मृत पेशी, लोहित रक्तकणिका, हृदयाच्या स्नायूपेशी आणि नखांच्या पेशी, तर वन लायनर पाठ असून चालत नाही. एक पाऊल पुढे जावं लागतं. ऊर्जाघर आहे, म्हणजे जिथे जास्त ऊर्जा लागते तिथे ती जास्त. हृदय जन्मभर न थांबता आकुंचन पावतं, म्हणून उत्तर हृदयाच्या स्नायूपेशी. आणि मानवाच्या पक्व लोहित रक्तकणिकेत तर ना केंद्रक असतं, ना तंतुकणिका. ती आत जागा करते हिमोग्लोबिनसाठी.

बटाट्याकडे परत

खोड ओळखायचं कसं? खोडाला पेरी असतात, दोन पेरांमध्ये कांडं असतं आणि पेरापाशी डोळा म्हणजे मुकुल असतो. मुळाला अशी ठरलेल्या जागी पेरी आणि डोळे नसतात. एवढी एक कसोटी हातात आली की अख्खी भाजीमंडई सोडवता येते.

बटाट्यावर खळगे दिसतात, ते त्याचे डोळे. तो कोपऱ्यात पडून राहिला की तिथूनच कोंब येतात. शेतकरी बटाट्याच्या फोडी करताना प्रत्येक फोडीवर डोळा राहील असं बघतो. आलं आणि हळद हातात घेतली तर आडव्या गोलाकार खुणा दिसतात, ती पेरी. म्हणून तीही खोडंच. उसाबद्दल तर ग्रामीण भागातल्या मुलांना कोणी शिकवायची गरज नाही. दोन डोळ्यांची टिपरी लावतात हे त्यांनी पाहिलेलं असतं. टिपरीला डोळा आहे म्हणजे ऊस हे खोड, आणि तो जमिनीच्या वर असतो इतकाच फरक.

गाजर, मुळा आणि रताळं ही अन्न साठवलेली मुळं. चाणाक्ष मूल इथे विचारेल की रताळ्यालाही कोंब फुटतात, मग ते खोड का नाही? प्रश्न चांगला आहे. रताळ्याला कोंब फुटतात हे खरं, पण त्यावर पेरी आणि कांडी अशी रचना नसते, बटाट्यासारखे क्रमाने मांडलेले डोळे नसतात. शेतात रताळ्याची लागवड वेलीचे तुकडे लावून करतात, ते तुकडे मात्र खोडाचे.

आणि कांदा? तो सगळ्यांना फसवतो. कांदा उभा चिरला की तळाशी, मुळांच्या वर, एक चपटी कडक चकती दिसते. खोड तेवढंच. आपण भजी करतो ती त्याच्या मांसल पानांची.

आता बघा, बटाट्याच्या एका प्रश्नातून सात-आठ प्रश्नांची उत्तरं निघाली आणि यातलं काहीही घोकावं लागलं नाही. संकल्पनेचा सराव म्हणतात तो हाच. एक कसोटी घ्यायची आणि ती नवनव्या उदाहरणांवर लावून बघायची.

चुकीचे पर्याय फुकट नसतात

बहुपर्यायी प्रश्नात एक पर्याय बरोबर आणि तीन चुकीचे असतात. बहुतेक मुलं सराव करताना बरोबर पर्यायावर खूण करतात आणि पुढे जातात. उरलेले तीन वाया जातात.

पण प्रश्न काढणारा ते तीन पर्याय उगाच लिहीत नाही. मुलं जिथे गोंधळतात, तिथलेच शब्द तो तिथे ठेवतो. म्हणून सरावाची एक साधी पद्धत आहे: प्रत्येक चुकीच्या पर्यायासाठी असा प्रश्न तयार करायचा, ज्याचं उत्तर तो पर्याय असेल.

उदाहरण घेऊ. ‘पित्तरस कोठे तयार होतो?’ पर्याय: पित्ताशय, यकृत, स्वादुपिंड, जठर. बरोबर उत्तर यकृत. पण निम्मी मुलं पित्ताशयावर खूण करतात, कारण नावातच पित्त आहे. आता उरलेले तीन पर्याय घ्या. पित्ताशय हे उत्तर येईल असा प्रश्न कोणता? ‘पित्तरस कोठे साठवला जातो?’ जठर हे उत्तर कशाचं? ‘प्रथिनांच्या पचनाला कोठे सुरुवात होते?’ स्वादुपिंड? ‘कोणती ग्रंथी पाचक रसही स्रवते आणि इन्सुलिनही?’

एका प्रश्नाचे चार झाले, आणि वाटेत आणखी एक गोष्ट सुटते. पित्तरसात पाचक विकर नसतं. तो स्निग्ध पदार्थांचे बारीक थेंब करतो, पुढे विकरांचं काम सोपं व्हावं म्हणून. तेलकट ताट नुसत्या पाण्याने न निघता साबणाने निघतं, साधारण तसं. ‘पाचक विकर नसलेला पाचक रस कोणता?’ हा प्रश्न म्हणूनच प्रश्न काढणाऱ्यांचा आवडता.

हे काम दोन मैत्रिणींनी मिळून केलं तर जास्त मजा येते. एकीने प्रश्न बनवायचे, दुसरीने सोडवायचे, मग उलट. रोज पाच प्रश्न घेतले तरी दिवसाला वीस होतात.

डास गुन्हेगार की गाडीवाला?

रोगांच्या प्रश्नांत सगळ्यात मोठा घोळ दोन शब्दांचा असतो, कारक आणि वाहक. ‘हिवतापाचा कारक कोण?’ या प्रश्नाला ‘ॲनाफिलिस डास’ हे उत्तर चुकीचं आहे. डास फक्त वाहक, म्हणजे गाडीवाला. आत बसून येतो तो प्लाझमोडियम नावाचा आदिजीव. तोच खरा कारक.

हे आज सोपं वाटतं, पण ते शोधायला बरंच डोकं खपवावं लागलं. हिवतापाचा परजीवी डासाच्या पोटात सापडला तो २० ऑगस्ट १८९७ रोजी, सिकंदराबादमध्ये. शोधणारे होते रोनाल्ड रॉस. म्हणून २० ऑगस्ट हा जागतिक डास दिन.

तीन डासांची तीन खाती वेगळी ठेवावी लागतात. हिवताप पसरवते ॲनाफिलिसची मादी आणि कारक आदिजीव. डेंग्यू पसरवते एडिस इजिप्तीची मादी आणि कारक विषाणू. हत्तीरोग पसरवते क्युलेक्सची मादी आणि कारक कृमी. तिन्हीकडे मादीच का? अंडी तयार करायला तिला रक्तातली प्रथिनं लागतात. नर डास वनस्पतींच्या गोड रसावर जगतो. हे ‘का’ एकदा कळलं की ‘मादी’ हा शब्द वेगळा पाठ करावा लागत नाही.

कारक कोण हे कळलं की औषधांचा प्रश्नही सुटतो. प्रतिजैविकं जीवाणूंवर काम करतात, विषाणूंवर नाही. क्षय, विषमज्वर आणि पटकी हे जीवाणूंमुळे होणारे रोग. सर्दी, डेंग्यू आणि पोलिओ विषाणूंमुळे. गजकर्ण कवकामुळे. म्हणजे ‘खालीलपैकी कोणत्या रोगावर प्रतिजैविक उपयोगी पडणार नाही?’ हा प्रश्न औषधाचा वाटतो, पण खरं तर तो वर्गीकरणाचा आहे.

वर्गीकरणाचा विषय निघालाच आहे तर, रॉबर्ट व्हिटाकर यांची १९६९ ची पंचसृष्टी पद्धत नुसत्या पाच नावांनी पाठ करू नये. पेशी आदिकेंद्रकी की दृश्यकेंद्रकी, एकपेशीय की बहुपेशीय, अन्न स्वतः बनवतो की बाहेरून घेतो, हे प्रश्न क्रमाने विचारत गेलं की बहुतेक सजीव आपोआप आपल्या खणात जातात. अळंबी झाडासारखी उगवते, पण तिच्यात हरितद्रव्य नाही. म्हणून ती वनस्पती नव्हे, कवक.

स्वयंपाकघरातली प्रयोगशाळा

दही आणि पाव, दोन्हींत सूक्ष्मजीव काम करतात. दही लावणारे लॅक्टोबॅसिलाय हे जीवाणू, पाव फुगवणारं यीस्ट हे कवक. दोन्हीला ‘किण्वन’ म्हणतात म्हणून मुलं दोघांना एकाच खात्यात टाकतात. पण पहिल्याला स्पष्ट केंद्रक नाही, दुसऱ्याला आहे.

यावर घरीच एक प्रयोग करता येतो. तीन वाट्या दूध घ्यायचं. एकात उकळतं गरम असतानाच विरजण घालायचं, दुसऱ्यात कोमट असताना, तिसरं कोमट दुधात घालून लगेच फ्रिजमध्ये. सकाळी बघायचं. कोमट वाटीत दही लागतं. उकळत्या दुधातले जीवाणू मरतात, फ्रिजमधले जिवंत राहतात पण त्यांचं काम फार मंदावतं. म्हणजे पहिली आणि तिसरी वाटी दोन्ही लागल्या नाहीत, पण कारणं वेगळी. फ्रिजमधली वाटी बाहेर काढून उबदार जागी ठेवली तर ती लागेल, पहिली लागणार नाही. मूल आई-आजीकडून हे रोज बघतं, फक्त त्याला विज्ञान म्हणतात हे कोणी सांगितलेलं नसतं.

परासरणाचंही तसंच. कैरीच्या फोडींना मीठ चोळलं की थोड्या वेळात पातेल्यात पाणी सुटतं. हे पाणी आलं कुठून? फोडींच्या पेशींतून. बाहेर क्षारांचं प्रमाण जास्त, म्हणून पाणी पेशीपटलातून बाहेर आलं. मनुका साध्या पाण्यात टाकल्या की उलट होतं, त्या टम्म फुगतात. आता प्रश्न: लोणच्यात भरपूर मीठ आणि मुरांब्यात भरपूर साखर का घालतात? तिथे पडलेल्या सूक्ष्मजीवाचीही अवस्था कैरीच्या फोडीसारखीच होते. त्याच्या पेशीतलं पाणी बाहेर जातं आणि तो वाढू शकत नाही.

काढून बघितल्याशिवाय हृदय कळत नाही

‘धमनीतून ऑक्सिजनयुक्त रक्त वाहते’ हे वाक्य बहुतेकांच्या डोक्यात पक्कं असतं. मग प्रश्न येतो: ‘कोणत्या धमनीतून ऑक्सिजन कमी असलेले रक्त वाहते?’ आणि मुलांना वाटतं प्रश्नच चुकला.

प्रश्न चुकलेला नाही. धमनीची ओळख रक्तावरून ठरत नाही, दिशेवरून ठरते. हृदयापासून दूर नेते ती धमनी, हृदयाकडे आणते ती शीर. हृदयाच्या उजव्या निलयातून रक्त फुप्फुसांकडे जातं ते ऑक्सिजन घ्यायला, म्हणजे ते जाताना ऑक्सिजन कमी असलेलंच असणार. पण ते हृदयापासून दूर जातंय, म्हणून ती फुप्फुस धमनी. परत येतं ते ऑक्सिजन घेऊन, पण हृदयाकडे येतंय, म्हणून ती फुप्फुस शीर.

हे वाचून पटतं आणि दोन दिवसांत विसरतं. यावर उपाय एकच, कागदावर चार खण काढायचे आणि रक्ताच्या एका थेंबाचा प्रवास बोटाने फिरवायचा. शरीराकडून उजव्या अलिंदात, तिथून उजव्या निलयात, फुप्फुसात, मग डाव्या अलिंदात, डाव्या निलयात आणि महाधमनीतून पुन्हा शरीराकडे. पुस्तक न बघता हे तीनदा जमलं की धडा झाला. एक सावधगिरी: आकृतीत हृदयाची डावी बाजू आपल्या उजव्या हाताला दिसते, कारण चित्रातला माणूस आपल्याकडे तोंड करून उभा आहे. आकृतीला नावं देताना निम्म्या चुका इथेच होतात.

पिंपळ, व्हॉट्सॲप आणि यूट्यूब

‘पिंपळ चोवीस तास ऑक्सिजन देतो’ हा मेसेज एव्हाना प्रत्येक कुटुंबाच्या ग्रुपवर येऊन गेला असेल. परीक्षेत मात्र तो घातक आहे. प्रकाशसंश्लेषणातून ऑक्सिजन तयार व्हायला प्रकाश लागतो. रात्री अंधारात हे काम बंद असतं, पिंपळाचंही. श्वसन मात्र दिवसरात्र चालू असतं. दिवसा झाड श्वसन करत नाही असं नाही, फक्त दिवसा प्रकाशसंश्लेषणाचा वेग जास्त असल्याने एकूण हिशेबात ऑक्सिजन बाहेर पडताना दिसतो. ‘वनस्पती रात्री श्वसन करतात आणि दिवसा प्रकाशसंश्लेषण’ हे विधान म्हणून अर्धवट आहे, आणि पेपरात ते ‘योग्य विधान ओळखा’ खाली दबा धरून बसलेलं असतं.

यूट्यूबची अडचण वेगळीच. जीवशास्त्राचे चांगले व्हिडिओ हिंदीत भरपूर आहेत आणि मुलं ते बघतात. पण हिंदीतली ‘कोशिका’ म्हणजे आपली पेशी, ‘ऊतक’ म्हणजे ऊती, ‘आमाशय’ म्हणजे जठर आणि ‘अग्न्याशय’ म्हणजे स्वादुपिंड. संकल्पना समजलेली असते, पण मराठी पेपरात शब्द ओळखू येत नाही. सेमी-इंग्रजीच्या मुलांचंही असंच होतं, त्यांना मायटोकॉन्ड्रिया माहीत असतं आणि तंतुकणिका परकी वाटते. वहीच्या मागच्या पानावर असे जोडशब्द लिहीत गेलं तर महिन्याभरात ही अडचण संपते. व्हिडिओ कुठलाही बघा, शब्द बालभारतीच्या पुस्तकातलेच पक्के करा. प्रश्न सातवी-आठवीच्या अभ्यासक्रमावर असतात, त्यामुळे या दोन्ही इयत्तांचं सामान्य विज्ञानाचं पुस्तक हाताशी हवंच. सातवीचं पुस्तक रद्दीत गेलं असेल तर बालभारतीच्या संकेतस्थळावर पीडीएफ मिळते.

चुकांची वही

सराव पेपर सोडवला, गुण मोजले, पेपर ठेवून दिला. बहुतेक घरांत सराव असाच होतो. त्यापेक्षा कमी पेपर सोडवून प्रत्येक चुकीचं कारण लिहिलेलं जास्त कामाचं. कारणं साधारण तीनच निघतात. माहितीच नव्हतं, दोन गोष्टींत गोंधळ झाला, किंवा प्रश्न नीट वाचला नाही.

तिसरं कारण पालकांना वाटतं त्यापेक्षा खूप मोठं असतं. ‘खालीलपैकी कोणता कीटक नाही?’ यातला ‘नाही’ घाईत सुटतो. मूल झुरळ बघतं, झुरळ कीटकच आहे हे त्याला ठाऊक असतं आणि ते खूण करून मोकळं होतं. उत्तर असतं कोळी, कारण त्याला आठ पाय. अशा प्रश्नांत ‘नाही’, ‘अयोग्य’, ‘चुकीचे’ या शब्दांखाली रेघ मारायची सवय सरावातच लावावी लागते. पेपरच्या दिवशी ती आपोआप येत नाही.

या परीक्षेत चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, त्यामुळे एकही प्रश्न रिकामा सोडू नये. मात्र अंदाज लावतानाही एक-दोन पर्याय तरी कारण देऊन खोडता यायला हवेत, आणि ते जमतं वर सांगितलेल्या चार प्रश्नांच्या सरावातूनच.

हाच सराव नवोदयच्या नववी प्रवेश परीक्षेलाही चालतो. तिथे १०० पैकी ३५ गुण सामान्य विज्ञानाचे असतात.

आता तीन प्रश्न, पुस्तक न उघडता

पहिला. कांद्याच्या पातळ पापुद्र्याच्या पेशींत सूक्ष्मदर्शकाखाली काय दिसणार नाही: पेशीभित्तिका, केंद्रक, हरितलवक की रिक्तिका?

दुसरा. यातला वाहक कोण: प्लाझमोडियम, एडिस इजिप्ती, डेंग्यूचा विषाणू की विषमज्वराचा जीवाणू?

तिसरा. अंधाऱ्या खोलीत रात्रभर ठेवलेली कुंडीतली वनस्पती कोणता वायू आत घेईल आणि कोणता बाहेर सोडेल?

पहिल्याचं उत्तर हरितलवक. कांदा वनस्पतीच आहे, पण हा भाग जमिनीत, प्रकाशाशिवाय वाढतो. दुसऱ्याचं एडिस इजिप्ती, बाकी तिघं कारक. तिसऱ्यात ती ऑक्सिजन घेईल आणि कार्बन डायऑक्साइड सोडेल, कारण अंधारात फक्त श्वसन चालू असतं. उत्तरं बरोबर आली असतील तर प्रत्येक प्रश्नातल्या उरलेल्या पर्यायांचे नवे प्रश्न करून घरातल्या आठवीच्या मुलाला पाठवा.